नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

श्रोतेहो, आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ ह्या दोन शब्दांचे दोन अर्थ होतात. बाळाला पाळण्यात घालून आत्या त्याच्या कानात काही सांगते, ते नाव ठेवणे. तेच बाळ चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे झाले आणि चारचौघांपेक्षा काही वेगळे करू लागले, म्हणजे पारावरची मंडळी जे करतात ते नावे ठेवणे. पहिल्यात माया असते, दुसऱ्यात टोचणी असते. पण दोहोंत एक गोष्ट सारखीच आहे. ज्याला नाव मिळते त्याला आधी कोणी विचारलेले नसते.

आज मी आपल्याशी अशाच एका नावे ठेवण्याच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. विषय दिसायला साधा आहे, कोणी त्याला थिल्लरही म्हणेल. चाळिशी-पन्नाशीतली माणसे हौसेने सायकल चालवतात. त्यांना आणि त्यांच्या कपड्यांना लोक काय म्हणतात, आणि का म्हणतात, एवढाच हा विषय. पण साध्या विषयाचा धागा ओढला की कधी कधी सगळा कापडाचा तागा हाती येतो, तसे इथे होते.

आमचे ओझर मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. नाशिकहून पिंपळगावकडे निघाले की आडगावच्या पुढे लागते. सुट्टीच्या दिवशी सकाळी ह्या रस्त्याने सायकलस्वारांची रांग जाताना दिसते. डोक्याला टोपासारखे शिरस्त्राण, डोळ्यांना रंगीत चष्मा, अंगाला घट्ट बसणारा भडक रंगाचा सदरा, मांड्यांना चिकटलेली काळी चड्डी. कोणी डॉक्टर, कोणी वकील, कोणी दुकानदार, कोणी मास्तर. चहाच्या टपरीवर ग्लास हातात धरून उभी असलेली मंडळी त्यांच्याकडे पाहतात आणि शेरे सुरू होतात. “काय हा म्हातारचळ!” “शिंगं मोडून वासरांत शिरलेत.” “अहो, ते कपडे तरी बघा, पोट कुठं लपतंय का!” “पैसे जास्त झालेत, दुसरं काय?”

हे चार शेरे नीट ऐका. त्यांत तीन आरोप आहेत. पहिला वयाचा, दुसरा कापडाचा, तिसरा पैशाचा. आणि असे शेरे मारणारे आपणच पहिले आहोत असेही नाही. विलायतेत २०१० साली बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या मिंटेल नावाच्या संस्थेने एक अहवाल काढला. महागड्या सायकली विकत घेणारा नवा गिऱ्हाईक कोण, तर मध्यमवयीन पुरुष, असे त्यात दिसले. अशा माणसाला त्यांनी नाव दिले ‘मॅमिल’. ‘लायक्रा घातलेला मध्यमवयीन पुरुष’ ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ते केलेले. सस्तन प्राण्याला इंग्रजीत मॅमल म्हणतात, त्याच्याशी हा शब्द जुळतो. तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावे की प्राणिशास्त्राच्या पुस्तकात एका नव्या जनावराची भर पडली. शब्द तयार झाला दुकानदारांच्या सोयीसाठी, आणि पसरला मात्र थट्टेसाठी.

आता एकेक आरोप घेऊ, आणि इतिहास त्याविषयी काय सांगतो ते पाहू.

पहिला आरोप वयाचा. आपल्याकडे चाळिशी हा शब्दच मोठा मासलेवाईक आहे. चाळिशी म्हणजे वय, आणि चाळिशी म्हणजे नाकावरचा चष्माही. म्हणजे ह्या वयात माणसाने बसून वाचावे, हिशेब तपासावा, मुलींची लग्ने जमवावी. खेळणे-बागडणे पोरांनी करावे. पण सायकलीचा इतिहास ह्याच्या उलट साक्ष देतो. १८७० च्या दशकातली पुढे प्रचंड चाक आणि मागे चिमुकले चाक असलेली उंच सायकल खरोखरच तरुणांची होती. तिच्यावरून माणूस पडला म्हणजे डोक्यावरच पडे. १८८५ मध्ये इंग्लंडातल्या जॉन केम्प स्टार्ली ह्याने दोन सारख्या चाकांची, साखळीने मागचे चाक फिरवणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ मध्ये डनलॉप ह्याने हवा भरलेल्या धावेचे पेटंट घेतले. हाडे खिळखिळी करणारे वाहन मऊ झाले आणि बुटके झाले. आणि त्याबरोबर पोक्त माणसे सायकलीवर चढू लागली.

अमेरिकेत दारूबंदीच्या आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत अग्रभागी असलेल्या फ्रान्सेस विलार्ड ह्या बाई वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या, आणि आपण कसे शिकलो ह्यावर त्यांनी १८९५ मध्ये एक छोटे पुस्तकच लिहिले. त्याच १८९५ साली रशियात लिओ टॉल्स्टॉय सायकल शिकले. तेव्हा त्यांना सदुसष्टावे वर्ष चालू होते. धाकटा लाडका मुलगा वान्या जाऊन थोडेच दिवस झाले होते. एवढा मोठा लेखक, पांढरी दाढी, शेतकऱ्यासारखा झगा, आणि स्वारी सायकलीवर! त्यांच्या भोवतालच्या अनुयायांपैकी एकाला, हे साधेपणाच्या आणि धर्माच्या शिकवणीशी विसंगत तर नाही ना, अशी शंका पडली म्हणतात. म्हणजे पाहा, टॉल्स्टॉयलासुद्धा ‘लोक काय म्हणतील’ सुटले नाही. त्यांनी सायकल सोडली नाही, हे मात्र खरे.

दुसरा आरोप कापडाचा, आणि इथला इतिहास फार गमतीचा आहे. इंग्लंडात लेडी हार्बर्टन नावाच्या एक खानदानी बाई होत्या. जमिनीवर लोळणारे झगे घालून बायकांनी कामे तरी कशी करावी, म्हणून सोईस्कर पोशाखाचा पुरस्कार करणारी एक संस्था १८८१ मध्ये निघाली, तिच्या त्या संस्थापकांपैकी एक. ऑक्टोबर १८९८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्या सायकलीवरून हिंडत सरे परगण्यातल्या ऑकम गावी ‘हॉटबॉय’ नावाच्या खानावळीत थांबल्या. अंगात झग्याऐवजी ढगळ विजार होती. मालकिणीने त्यांना सभ्य गिऱ्हाइकांच्या दालनात बसू देण्याचे नाकारले आणि दारूच्या गुत्त्यालगतच्या खोलीत बसा म्हणून सांगितले. सायकलस्वारांच्या संघटनेने ह्यावर खटला भरला. १८९९ मध्ये निकाल लागला आणि तो बाईंच्या विरुद्ध गेला, खानावळवालीला ज्यूरीने दोषी धरले नाही. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी सायकलीवरच्या एका मध्यमवयीन व्यक्तीचा पोशाख थेट कोर्टात जाऊन पोचला होता. तेव्हा बोलणे होते की कपडे फार ढगळ आणि पुरुषी आहेत. आज बोलणे आहे की कपडे फार घट्ट आहेत. कापड बदलले, बोलणे तेच राहिले.

पुरुषांचेही असेच झाले. त्याच सुमारास विलायतेत रस्त्यावर जोरात सायकल हाकणाऱ्यांना ‘स्कॉर्चर’ म्हणत, म्हणजे रस्ता भाजत जाणारे. लोकांच्या आणि पोलिसांच्या तक्रारींमुळे सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघाने उघड्या रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या. मग हौशी मंडळी भल्या पहाटे, आडरस्त्याला, एकेकाला सोडून घड्याळ लावून वेळ मोजू लागली. अंगात मानेपासून घोट्यापर्यंत काळे अल्पाकाचे कपडे, का तर आपण शर्यतीत आहोत हे कोणाला कळू नये. काळे कापड अंगावर आले ते लपण्यासाठी. आज पिवळे, नारिंगी, पोपटी कापड अंगावर येते ते दिसण्यासाठी, नाहीतर मागून येणारा ट्रक पाहणार नाही. दोन्ही वेळा कापड स्वाराने शोभेसाठी निवडले नव्हते, रस्त्याने ते त्याच्यावर लादले होते.

फ्रान्समधल्या प्रसिद्ध शर्यतीत पुढे असलेल्या स्वाराला पिवळा सदरा मिळतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. ही प्रथा १९१९ पासूनची. शर्यत भरवणाऱ्या ‘लोटो’ ह्या वर्तमानपत्राचा कागद पिवळा, म्हणून सदराही पिवळा. तो पहिल्यांदा घालणारा यूजेन क्रिस्तॉफ. रस्त्याच्या कडेची माणसे त्याला पाहून ‘कॅनरी, कॅनरी’ म्हणून हसत, आणि त्याला ते आवडले नाही, असे सांगतात. कॅनरी हा पिवळा पाळीव पक्षी. आज त्याच सदऱ्यासाठी जगातले उत्तमोत्तम स्वार जिवाचे रान करतात. हसण्याचे कापड मानाचे कापड व्हायला फार वर्षे लागली नाहीत.

आता ह्या चिकट कापडाची उपयुक्तता पाहू. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीत जोसेफ शायव्हर्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ताणले तर लांबणारा आणि सोडले तर पूर्ववत होणारा कृत्रिम धागा शोधला. त्याचेच व्यापारी नाव लायक्रा. त्याच्या आधी स्वार लोकरीचे कपडे घालत, आणि बसण्याच्या जागी मऊ चामड्याचा तुकडा शिवून घेत. चार-सहा तास खोगिरावर बसायचे तर सुती कापड घाम धरते, ओले होते, शिवणीपाशी घासते आणि कातडे सोलून काढते. हे बैलाच्या खांद्याला जू लागते तसेच आहे. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. म्हणून चड्डी घट्ट, तिला आत गादी, आणि बाहेर मांडीला शिवण लागणार नाही अशी बेतलेली. सदरा घट्ट, कारण वेग वाढला म्हणजे स्वाराची बहुतेक ताकद वारा कापण्यात खर्च होते, आणि फडफडणारा सदरा शिडासारखा वारा धरतो. खिसे पाठीवर, कारण पुढे वाकल्यावर छातीवरच्या खिशातले सगळे सांडते.

आणि हे काही आपल्याला नवीन आहे का हो? आपल्याकडचे जुने गुरुजी सायकलीवरून शाळेत जात, तेव्हा उजव्या पायाच्या घोट्याशी पँटला पोलादी चिमटा लावत. धोतर असले तर सोगा वर खोचत. का? तर कापड साखळीत अडकू नये म्हणून. अडकले तर कापडही जाई आणि स्वारही जाई. गुरुजींचा तो चिमटा आणि आजच्या डॉक्टरांची ती चड्डी ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचे काम एकच, कापड आवरून धरणे. चिमट्याला कोणी हसले नाही, कारण तो सगळ्यांकडे होता. आणि आपण तालमीतल्या पैलवानाच्या लंगोटाला तरी कधी हसतो? जत्रेत हजारो माणसांसमोर तो लंगोटावर उभा राहतो, बायाबापड्या कडेवर पोर घेऊन कुस्ती पाहतात, कोणाला काही वावगे वाटत नाही. कारण लंगोट हा कुस्तीचा पोशाख आहे हे गावाने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. तेव्हा प्रश्न कापड किती झाकते हा नाही, ते कापड कशाचे आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे का, हा आहे.

तिसरा आरोप पैशाचा. हा सगळ्यांत खोल आहे, आणि ह्याचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच पाहता येतो.

आपल्याकडे सायकल आली ती साहेबाची आणि श्रीमंताची म्हणून. १८८८ मध्ये बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा ह्यांनी सायकलींचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत, आणि बेळगावची बाजू रामूअण्णा सांभाळत. तेव्हा सायकल विकणे म्हणजे गिऱ्हाइकाला ती चालवायलाही शिकवणे आले. पुढे ह्याच बंधूंनी लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. ज्या नांगराने महाराष्ट्राची जमीन उलथली त्याच्या घराण्याचा मूळपुरुष सायकलीचे दुकान आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

१९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलीवर जग पाहायला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे पृथ्वीला वळसा घालून १९२८ मध्ये परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर! तेव्हाही सायकल हे साहसाचे आणि सुस्थितीतल्या माणसाचे वाहन होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. मद्रासला आणि आसनसोलला, मग १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो, असे कारखाने निघाले आणि देशी सायकल सामान्यांच्या आवाक्यात आली. मग ती कोणाची झाली? पोस्टमनची, दूधवाल्याची, तलाठ्याची, कारकुनाची, गुरुजींची. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. सायकलीला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, आणि दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाणाऱ्याला पोलीस धरी. लग्नाच्या बोलणीत जावईबापूंसाठी घड्याळ, रेडिओ आणि सायकल मागितली जाई. सायकल असलेला माणूस म्हणजे बऱ्यापैकी माणूस.

आमच्या ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमानाचा कारखाना आला. तिथे मिग-२१ जातीची लढाऊ विमाने तयार होऊ लागली. तेव्हापासून गावाच्या नावापुढेच लोक ‘मिग’ जोडू लागले. ओझर मिग! पाहा, नाव ठेवणाऱ्यांनी गावालाही सोडले नाही. त्या काळी देशातल्या कुठल्याही मोठ्या कारखान्याच्या फाटकाशी पाळी सुटली म्हणजे सायकलींचा लोंढा निघे. आकाशात आवाजापेक्षा वेगाने जाणारे विमान करणारे हात घरी जाताना सायकलीची मूठ धरीत, ह्यात कोणाला विनोद वाटत नसे.

मग १९७२ मध्ये बजाजची चेतक आली, १९८५ मध्ये हीरो होंडाची मोटारसायकल आली. हप्त्यांवर गाड्या मिळू लागल्या. आणि सायकल जिथे होती तिथेच उभी राहून, न हलता, खाली उतरली. ‘अजून सायकलच का?’ असा प्रश्न सुरू झाला. त्यात दया होती आणि हिणवणेही होते. काल जो गुरुजी सायकलीमुळे प्रतिष्ठित होता, तोच गुरुजी आज त्याच सायकलीमुळे बिचारा झाला. माणूस तोच, सायकल तीच, पायही तेच. फक्त सायकलीच्या शेजारी दुसरे काही उभे राहिले.

आणि आता शतक उलटल्यावर सायकल पुन्हा वर चढली आहे, पण वेगळ्या जिन्याने. आमचा नाशिक जिल्हा त्याचे उत्तम उदाहरण आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोन भाऊ चाळिशीच्या आगेमागे असताना अमेरिकेतल्या ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ह्या शर्यतीत उतरले. पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, वाळवंट आणि डोंगर तुडवत. २०१५ मध्ये दोघांनी आळीपाळीने सायकल चालवत हे अंतर ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत तोडले. भारतीय जोडीने ही शर्यत पुरी करण्याची ती पहिलीच वेळ. दोन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्या वेळी नाशिकला असलेले लष्करातले डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ ह्यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली. ती तशी पुरी करणारे ते पहिले भारतीय, आणि त्यांच्यापाठोपाठ काही तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. ह्या जिल्ह्यातली हौशी मंडळी आषाढीच्या सुमारास नाशिकहून पंढरपूरला सायकलवारीही करतात. दिंडीत कोणी कोणाचे वय विचारत नाही, तसेच तिथेही.

पण श्रोतेहो, टपरीवरचा तो पैशाचा शेरा अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. न्यायाने बोलायचे तर त्यात सत्याचा अंश आहे. हौशी माणसाची सायकल कधी कधी शेतमजुराच्या वर्षाच्या मिळकतीएवढी असते. काही जण सायकलीपेक्षा तिच्या किमतीवरच अधिक बोलतात. आणि ‘मॅमिल’ हे नाव तर खरेदीवरूनच पडले, हे आपण पाहिले. ज्या हौसेची ओळख दुकानातून सुरू होते, तिला लोक दुकानाच्याच मापाने मोजणार.

परंतु ह्यात एक माणूस आपल्या नजरेतून निसटतो. त्याच रस्त्याच्या त्याच कडेने, त्याच सकाळी, पायजमा दुमडून, कॅरिअरला भाकरीचा डबा बांधून कोणी द्राक्षबागेच्या कामाला चाललेला असतो. कोणी रात्रपाळीचा पहारेकरी घरी परतत असतो. तोही चाळिशी-पन्नाशीचाच. त्याला कोणी म्हातारचळ म्हणत नाही. त्याला कोणी काहीच म्हणत नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शेकडा सुमारे ४५ घरांत सायकल होती. ह्या घरांतले बहुतेक स्वार हौशी नव्हेत, गरजू आहेत. हौशी माणसाला आपण नाव ठेवतो, आणि गरजू माणसाला आपण पाहतच नाही. माझ्या मते ह्या दोहोंत दुसरा अन्याय मोठा आहे.

ह्याला अपवाद म्हणून आपल्या मुंबई-पुणे सायकल शर्यतीची आठवण ठेवावी. तिच्यात बोरघाट जो सर्वांत आधी चढे त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. दूध घालणारी, वर्तमानपत्रे टाकणारी मुलेही ह्या शर्यतीत उतरत, आणि रोजच्या कामाने कमावलेल्या पायांच्या जोरावर घाटाला भिडत. तिथे नाव ठेवले गेले ते पायांकडे पाहून, सायकलीच्या किमतीकडे किंवा कपड्यांकडे पाहून नव्हे. म्हणजे समाजाला चांगले नाव ठेवता येत नाही असे नाही. पाहण्याची जागा तेवढी बदलावी लागते.

बायकांच्या बाबतीत तर ही नावे ठेवणे अधिकच जड जाते. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरतेच्या मोहिमेबरोबर खेड्यापाड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. शेतमजूर, खाणीत खडी फोडणाऱ्या, अंगणवाडी चालवणाऱ्या. त्यांच्यावर पहिल्याने घाणेरडे शेरे मारले गेले, पण बायका इतक्या झाल्या की शेरे मारणारेच थकले. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या शाळकरी मुलींना सायकली मिळतात. पण मुलगी सायकलीवर शाळेत गेली ह्याचे कौतुक करणारे गाव, तिची चाळीस वर्षांची आई सायकलीवर बाजाराला निघाली तर काय म्हणेल? ह्याचे उत्तर आपण प्रत्येकाने मनाशीच द्यावे.

हे सगळे मी कशासाठी सांगतो आहे? एका शेऱ्याने जग बुडत नाही, हे खरे. पण शेऱ्याच्या भीतीने माणूस घरी बसतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. प्रौढ माणसाने आठवड्यात किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. शेतावर राबणाऱ्याला हा सल्ला नको. पण आम्ही शिकवणारे, लिहिणारे, गल्ल्यावर बसणारे लोक? आमच्यातल्या एखाद्याला डॉक्टर सांगतात, “सर, रोज थोडी सायकल चालवा.” माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल तो उतरवतोही. पंक्चर काढतो, तेल घालतो. आणि दारापाशी येऊन थबकतो, कारण समोरच्या ओट्यावर चार जण बसलेले असतात. औषधाचे पैसे तो देतो, पथ्य पाळतो, सुई टोचून घेतो. तेवढे ते चार शब्द मात्र त्याला सोसवत नाहीत. शब्दांची किंमत ही अशी असते.

दुसरी गोष्ट रस्त्याची. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवरच्या अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्याला आपण विदूषक ठरवतो त्याला रस्त्यावर जागा द्यावी असे आपल्याला वाटत नाही. ‘कशाला कडमडायला आले हे इथे?’ असे म्हणून आपण भोंगा वाजवतो आणि अंगावरून गाडी नेतो. पण रस्त्याच्या कडेची ती दीड हात पट्टी केवळ रंगीत सदरेवाल्याची नाही. त्याच पट्टीवरून डबा बांधलेला मजूर जातो आणि शाळेची पोर जाते. म्हणून हौशी मंडळींनाही माझी विनंती आहे. आपण सुशिक्षित आहात, आपला अर्ज कचेरीत वाचला जातो. तेव्हा रस्त्याची कड नीट करून मागाल ती त्या मजुरासाठीही मागा. असे झाले तर आपल्या महागड्या सायकलीला कोणी नावे ठेवणार नाही, आणि ठेवली तरी ती टिकणार नाहीत.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. इतिहासाच्या तासाला मुलांना एक घरचे काम द्या. घरात पहिली सायकल कोणी, कोणत्या साली, किती रुपयांना घेतली? तेव्हा पगार किंवा मजुरी किती होती? ती चालवताना अंगावर काय घालत? बिल्ला होता का, दिवा होता का? घरातली कोणी बाई ती चालवी का, आणि लोक तिला काय म्हणत? आजोबांना विचारा, आजीला तर जरूर विचारा. चाळीस मुलांची चाळीस उत्तरे फळ्यावर सालवार मांडा. आपण ज्या शिडीचा विचार केला, ती साहेबाची सायकल, गुरुजींची सायकल, गरिबाची सायकल आणि हौसेची सायकल, अशी सगळी शिडी मुलांना आपल्याच गावात दिसेल. पुण्याला सहल गेली तर कर्वेनगरातले विक्रम पेंडसे ह्यांचे सायकलींचे संग्रहालयही दाखवावे. ज्या मुलाने ही शिडी एकदा पाहिली, तो पुढे कोणाच्या कपड्यांकडे बघून शेरा मारण्याआधी निदान एवढे तरी विचारील, की हा माणूस निघालाय कुठे, आणि आलाय किती लांबून.